पाळीला लागलेलं मीठ

सादिक, ती पहार आधी उपट. कंदील टांगायला दुसरी जागा मिळाली नाही तुला? पाळीत भोक पाडतोस आणि वर मलाच विचारतोस, काका, ही पाळ कितपत मजबूत आहे. उपट म्हणतो ना. आता त्या भोकात ओली माती भर. तशी नाही, थोडी थोडी, बोटांनी दाबून. वरून टाच मार. हं. बस आता. कंदील खालीच ठेव, मला तुमची तोंडं बघायची हौस नाही.

रागावलो म्हणून नाराज होऊ नका. तुम्ही तिघं पहिल्यांदाच राखणीला आलात, तुम्हाला ही नुसती मातीची वरंडी दिसते. वर्षातले आठ-दहा महिने तिच्या पोटात गुरं चरतात, तेव्हा कुणालाही वाटेल, हिचं एवढं काय? पण ही पाणी साठवायला घातलेलीच नाही. ही पूर अडवायला घातली. वरच्या माळावर पाऊस झाला की नाला एकदम येतो. तो इथं थांबायचा, या मोरीतून बेताबेतानं खाली जायचा, आणि जास्त झाला तर त्या टोकाच्या सांडव्यावरून. पाळ नव्हती तेव्हा तो सरळ खालच्या आळीत शिरायचा. माझ्या लहानपणी शिरला होता. कोण कोण गेलं ते आज रात्री नको.

आज संतरामची गोष्ट सांगतो. तो आता लेकीकडे नरसीला असतो, खोटं वाटलं तर जाऊन विचारा. अर्धी गोष्ट त्यानं मला सांगितली आणि अर्धी मी या डोळ्यांनी पाहिली. माझ्या पदरचं त्यात काही नाही.

साल लढाईचं. म्हणजे लढाई काही आपल्याकडे आली नव्हती, पण रॉकेल मिळेनासं झालं होतं, त्यावरून ती चालू आहे हे कळायचं. आषाढातली दिव्यांची आवस होती. घरोघरी बायकांनी दिवे घासूनपुसून पाटावर मांडले, आणि कंदिलात घालायला घरात रॉकेल नाही. संतराम सकाळीच बाटली आणि रिकामा कंदील घेऊन गोरेगावला निघाला.

संतराम या पाळीचा राखणदार. गावानं नेमलेला. त्याचं घर खालच्या आळीत, नाल्याच्या अगदी काठावर, पहिलंच. पाळ फुटली तर पाणी आधी त्याच्या दारात. "म्या हयगय केली तर आधी माझंच घर जाईल, मंग तुमचं," असं तो म्हणायचा, म्हणून तर गावानं त्याला नेमलं. माणूस किरकिरा. पाळीवर बाभळीचं बोटभर रोपटं दिसलं तरी मुळासकट उपटायचा, कारण झाड मोठं होतं, मरतं, मूळ कुजतं, आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. कुणी बैल घेऊन पाळीवरून गेला की शिव्या. लोक त्याला हसायचे. पण आळीतली लेकरं पावसाळ्यात बिनघोर निजायची ती त्याच्या किरकिरीवर.

त्या साली त्याच्या जिवाला घोर होता. लेक शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. संतरामची बायको मागेच वारली होती, म्हणून जमनाबाई सुईण रात्री तिच्यापाशी निजायला यायची. मुलगा झाला होता. अजून बारसंसुद्धा झालं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत रात्री दिवा हवा आणि पाळीवर फिरायला कंदील हवा, म्हणून ही गोरेगावची खेप.

गोरेगावात पुनमचंदच्या दुकानासमोर ही रांग. संध्याकाळ झाली तेव्हा कुठं अर्धी बाटली पदरात पडली. परत निघाला तर वाटेत पावसानं गाठलं. साखऱ्याच्या अलीकडे एका देवळात तो खूप वेळ अडकून पडला. वरच्या माळाकडे नुसती वीज चमकत होती. आवाज नाही, नुसता उजेड. ते बघून त्याला बसवेना. तिकडचा पाऊस म्हणजे आपला नाला. पाळीवर फुलसिंग होता, तांड्यावरचा, त्याचा जोडीदार. तरी याला चैन नाही.

चैन नसायला कारण होतं, ते आता ऐका.

उन्हाळ्यात घुशींनी पाळ पोखरली होती. बाहेरच्या अंगानं, म्हणजे आळीकडच्या उतारावर. संतरामची रीत ठरलेली. बीळ नुसतं बुजवायचं नाही. शेवट सापडेपर्यंत खणायचं, खड्डा पाणी घालून रात्रभर भिजत ठेवायचा, आणि सकाळी टीचभर मातीचा थर, त्यावर चोपणं, परत थर, परत चोपणं. चोपणं म्हणजे घरची जमीन बडवायचं ते लाकडी. एका संध्याकाळी त्या दोघांनी असाच एक खड्डा काढून भिजवून ठेवला आणि घरी गेले. सकाळी येऊन बघतात तर खड्डा भरलेला. वरून माती सारखी केलेली.

आता तुम्ही असता तर विचारलं असतं, कुणी भरला म्हणून. पण आदल्या दिवशी दोघांचं तंबाखूवरून वाजलं होतं. संतरामला वाटलं, फुलसिंगला तांड्यावर लग्नाला जायची घाई, यानंच रात्री उरकलं. फुलसिंगला वाटलं, ह्या म्हाताऱ्याला झोप येत नाही, यानंच भरलं. दोघं गाल फुगवून. कुणी कुणाशी बोललं नाही. वरून चार चोपणी मारली आणि पुढच्या बिळाकडे गेले.

थोडे दिवस गेले आणि गुरं पाळीवर चढायला लागली. नेमकी त्याच जागी. चरायला नाही, तिथं गवत कुठं होतं? चाटायला. म्हशी, बैल, शेळ्या, सगळी त्या एका जागी जिभा लावून उभी. हाकललं की पांगायची, पाठ वळली की परत. चाटून चाटून तिथं परातीएवढा खोलगा पडला. गावात थट्टा सुरू झाली. संतराम, पाळीत गूळ घातलास काय रे? त्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवून पाहिली. खारट. भिंतीला लोणा फुटतो तसा फुटला असेल, असं त्यानं मनाशी धरलं. खोलग्यात माती टाकली, वर काट्या टाकल्या. शेळ्यांनी काट्यासुद्धा खाल्ल्या. एकदा उकरून बघावं असं त्याच्या मनात यायचं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता पाऊस लागला. पावसात पाळ उघडत नाहीत. राहून गेलं.

आणि तिथं येऊन बसायची ती गोजर.

गोजर वरच्या आळीतली. नुकतंच लग्न झालेली पोर. नवरा हिंगोलीला जिनिंगात कामाला. त्याच उन्हाळ्यात ती बाळंत झाली, आणि लेकरू रडलंच नाही. त्यानंतर ती रोज दिवे लागायच्या वेळेला पाळीच्या बाहेरच्या अंगाला, त्या जागेपाशी येऊन बसायची. संतराम ओरडायचा. "ऊठ बाई, गवत मोडून राहिलं." ती उठायची नाही. म्हणायची, "बसू द्या ना बाबा. इथं बरं वाटतं." त्याला पुढं बोलवायचं नाही. मग तिच्या अंगात बाळंतज्वर शिरला आणि ज्येष्ठाच्या शेवटाला ती गेली. हिरव्या चुड्यात गेली. नवरा आला, अग्नी दिला, परत हिंगोलीला गेला. पोरीचं नाव हळूहळू कुणी काढीनासं झालं.

हां, सादिक, तुझ्या तोंडावर दिसतंय मला. तुला कळलं त्या खड्ड्यात काय होतं. बसून गोष्ट ऐकणाऱ्याला लवकर कळतं. ज्यांच्या समोर घडत होतं त्यांना कळलं नाही.

तर पाऊस ओसरला तसा संतराम देवळातून उठला. गावाच्या शिवेत आला तेव्हा मध्यरात्र टळून गेली होती. आवसेचा काळोख, वर ढग. त्यानं बाटलीतलं घोटभर रॉकेल कंदिलात घातलं आणि काडी ओढली. गावात पावसाचा टिपूस नव्हता. रस्ता कोरडा. पण पाळीच्या आतून आवाज येत होता. पाण्याचा आवाज तुम्ही ऐकलाय, खळखळ असते, धबधब असते. हा तसला नव्हता. भरलेलं पाणी काठाला घासतं ना... तसला.

तो पाळीवर चढला आणि कंदील धरला. पाणी वरपर्यंत आलेलं. काठाच्या हातभर खाली. पलीकडच्या टोकाला सांडवा वाहत होता आणि तिथं फुलसिंग अडकलेली झाडंझुडपं ओढून काढत असणार, त्याचा खाकरल्याचा आवाज आला. संतरामनं हाक मारली. वाऱ्यात ती पोचली नाही.

मग त्याला दुसरा आवाज आला.

थप... थप... थप.

चोपण्याचा नाही. चोपण्याचा आवाज जड असतो. हा हलका. हाताचा. बाहेरच्या अंगानं, खालून येत होता.

तो उतारावरून जपून खाली उतरला. कंदिलाच्या उजेडात आधी लुगड्याचा काठ दिसला. बाई बसली होती. पाठमोरी. डोईवर पदर. एक पाय मुडपून बसलेली, आणि एका हातानं पाळीला थोपटत होती. लेकराला थोपटतात तसं.

 संतरामला वाटलं, शालूच. ओली बाळंतीण, आवसेच्या रात्री, घर सोडून इथं. भीती त्याला या गोष्टीची वाटली, दुसऱ्या कशाची नाही. तो कावलाच.

"शालू? काहून आलीस तू इथं? लेकरू कुठं हाय?"

बाईनं मान वळवली नाही.

"इथंच हाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"इथं. निजलं व्हतं बरं." हात थांबला नाही. "आता निजत न्हाई. वल लागून राहिली त्याला."

आवाज शालूचा नव्हता.

संतराम दोन पावलं पुढं झाला. पायाखाली पचकन झालं. त्यानं वाकून हात लावला. उतार ओला. पाऊस नाही, आणि उतार ओला. पाझर होता. त्यानं ते पाणी ओंजळीत घेतलं, कंदिलापाशी धरलं.

हे नीट ऐका, तुमच्याही कामाचं आहे. पाळ कधीकधी पाझरते. पाणी निवळ असलं तर काळजी नाही, तो पाळीचा घाम. पण पाणी गढूळ असलं तर पाळ आतून वाहून चालली. मग ती किती वेळ टिकेल ते कुणी सांगू शकत नाही.

ओंजळीतलं पाणी गढूळ होतं. बोटांत रेती लागली. त्यानं नकळत बोट जिभेला लावलं.

खारट.

तो तिथंच उकिडवा बसला. समोर खोलगा. चाटून केलेला. त्यातून करंगळीएवढी धार यायला लागली होती. हातात फावडं नाही. माती नाही. गोणी नाही. जवळ फक्त एक बाटली. खाली आळीत शालू, तिचं लेकरू, सगळी निजलेली. इथं थांबावं तर त्यांना कोण उठवणार? पळत जावं तर इथं कोण? तो मला म्हणाला, किसनराव, माझे पाय दोन्हीकडे ओढत होते आणि मी जागचा हललो नाही.

तेव्हा बाईनं दुसरा हातही खोलग्यावर ठेवला.

कंदील फडफडला. उजेडात तिचे हात दिसले. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. हात हलत होते, घाईघाईनं, दाबत होते, लिंपत होते...

बांगड्या वाजत नव्हत्या.

"तुमी जा बाबा," ती म्हणाली. "तुमचं लेकरू घ्या. मी धरते."

बाबा.

त्या हाकेनं त्याला ओळख पटली. तिनं मान वळवलीच नाही, आणि यानंही तोंड बघायला कंदील वर केला नाही. कंदील तिथंच टाकला आणि पळाला.

घराचं दार त्यानं खांद्यानंच उघडलं. आत शालू निजलेली होती. कुशीत लेकरू. जमनाबाई भिंतीला टेकून पेंगत होती. देवापुढं आवसेचा पाटावरचा एक दिवा करडईच्या तेलावर जळत होता. त्या उजेडात त्यानं आपल्या लेकीकडे बघितलं आणि त्याला हुंदका फुटला. मग भिंतीवरची थाळी काढली आणि बडवत आळीतून धावत सुटला.

इथून पुढचं मी पाहिलेलं. माझं दुकान तेव्हा आळीच्या तोंडाशी होतं. थाळी ऐकून मी बाहेर आलो तर माणसं अंधारात एकमेकांवर आपटत होती. कुणी म्हातारीला पाठीवर घेतलं, कुणी कोंबड्या घेतल्या, एकानं तर रिकामा रांजण उचलला होता. शालूचं लेकरू माझ्या हातात कुणी दिलं आठवत नाही. ते घेऊन मी मशिदीच्या ओट्यापर्यंत चढलो, तिथं उंच आहे. मशिदीशेजारच्या खुर्शीदबीनं ते माझ्या हातातून घेतलं आणि आपल्या शालीत गुंडाळलं. शालू तिच्या शेजारी बसली. सगळी आळी ओट्यावर गोळा झाली, सगळे कान लावून. नाला आळीत शिरतो तेव्हाचा आवाज कसा असतो ते म्हाताऱ्यांना माहीत होतं.

तो आवाज आला नाही.

आम्ही पुरुष माणसं मुरमाच्या गोण्या आणि कडब्याच्या पेंढ्या घेऊन पाळीकडे निघालो. संतराम पुढं. जवळ गेलो तर पाळीखाली फुलसिंग उभा. हातात काठी, आणि नुसता उभा. त्याला हलवलं तेव्हा बोलला.

"तू गेला व्हतास?" त्यानं संतरामला विचारलं.

"व्हय."

"कवापासून?"

"लई वेळ झाला. काहून?"

"म्या सांडव्यावरून ऐकून राहिलो. थपथप, थपथप. मला वाटलं, तू हायस. हाका मारल्या. तू बोलंना. इथं आलो तर..."

फुलसिंगनं काठी पाळीकडे केली. कंदील अजून तिथंच जळत होता. त्याच्या उजेडात आम्ही सगळ्यांनी बघितलं. धार नव्हती. खोलगा नव्हता. तिथं सारवलेलं होतं. घरात भुई सारवतात ना, शेणामातीनं, बोटांच्या अर्धगोल रेघा एकीत एक, तसं. कडेपर्यंत नीट. हात लावला तर कोरडं.

तरी संतराम म्हणाला, गोण्या रचा. आम्ही रचल्या. कडबा खाली, मुरूम वर.  उजाडेपर्यंत पाणी मोरीतून निम्मं उतरलं होतं. त्या रात्री आळीतलं मांजरसुद्धा वाहून गेलं नाही.

सकाळी बायका आल्या. गोण्यांच्या वर सारवणाची कड दिसत होती. एकीनं वाकून बघितलं आणि म्हणाली, उजव्या हाताचं आहे, घाईतलं. बायकांना ते रेघांवरून कळतं, कोणत्या हातानं सारवलं ते. आपल्याला नाही कळायचं. तेवढ्यात मागून जमनाबाई आली. तिनं बघितलं मात्र, आणि मटकन खाली बसली.

तिनंच मग सगळं सांगितलं. गोजरचं लेकरू रात्री झालं आणि रात्रीच गेलं. नवरा हिंगोलीला. एवढ्याशा जिवाला पुरायचं तर घरात गडीमाणूस नाही. उन्हाळ्यानं काळी जमीन दगड झालेली, म्हातारीच्या हातची कुदळ लागेना, आणि उथळ पुरलं तर कोल्ही उकरणार. ती बोचकं घेऊन अंधारात फिरत फिरत पाळीपाशी आली. तिथं खड्डा तयार. खोल, ओला, मऊ. तिला वाटलं, देवानंच ठेवलाय. लेकराला खणात गुंडाळून तिनं खाली ठेवलं. कोल्ह्यांनी शिवू नये म्हणून, पुरताना घालतात तसं, मीठ घातलं. घरातलं होतं नव्हतं तेवढं सगळं घातलं. वरून माती लोटली.

"बोलली काहून न्हाईस?" संतरामनं विचारलं.

"कशी बोलू? गावानं मला उभी चिरली असती. गोजरला तेवढं सांगितलं व्हतं, कुठं हाय ते." ती डोळे पुसत होती, परत भरत होते. "तिच्या हातून लेकरू सुटतच नव्हतं. उजव्या हातावर घेतलं व्हतं तिनं, असं, छातीशी. म्या एकेक बोट उचकटून काढलं. तेवढं काही माझ्यानं विसरत न्हाई."

संतराम किती चिडेल असं आम्हाला वाटलं होतं. पाळीला कुणी काठी टोचली तर अंगावर धावून जाणारा माणूस. तो तिच्याशेजारी खाली बसला. मग म्हणाला, "मला सांगायचं व्हतं, जमना. म्या काढून दिला असता दुसरा खड्डा." आणि फुलसिंगकडे वळला. "अन म्या तुला विचारायचं व्हतं."

 फुलसिंगनं चंची काढली आणि त्याच्या हातावर तंबाखू ठेवली.

पाऊसकाळ संपेपर्यंत कुणी त्या जागेला हात लावला नाही. दिवाळी झाल्यावर, पाळ पुरती वाळली तेव्हा, गोजरच्या नवऱ्याला हिंगोलीहून बोलावलं आणि संतराम-फुलसिंगनं ती जागा उघडली. मीही होतो. खण सापडला. हिरवा, कुजून जाळी झालेला. मीठ पाण्यात केव्हाच विरघळून गेलं होतं. खणात दुसरं काही नव्हतं. फुलसिंग म्हणाला, एवढंसं हाड, मिठात राहतंय होय. असेलही तसं. नवऱ्यानं खण आणि त्याखालची ओंजळभर माती घेतली आणि गोजरला अग्नी दिला होता तिथं नेऊन ठेवली. पोरगं चांगलं होतं. जाताना रडत गेलं, कुणापासून लपवलं नाही त्यानं.

मग दोघांनी तो खड्डा भिजवला आणि राखत बसले. या खेपेला घरी गेले नाहीत. खड्ड्याच्या एका बाजूला संतराम, दुसऱ्या बाजूला फुलसिंग, आळीपाळीनं जागे. सकाळी थर टाकायला लागले. टीचभर माती, चोपणं. परत माती, परत चोपणं. दिवस मावळायला खड्डा वरपर्यंत आला. हाताच्या तळव्यानं ठोकून बघितला, ठण्ण वाजला. संतरामच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. तरी त्या रात्रीसुद्धा दोघं तिथंच निजले, त्या जागेच्या दोन बाजूंना घोंगड्या टाकून. दोघंही जागेच राहिलो म्हणतात. झोप लागलीच नाही म्हणतात. मी वाद घालत नाही.

उजाडलं तेव्हा दोघांच्या मधोमध सारवलेलं होतं.

ओलं होतं अजून. या वेळी घाईचं नव्हतं. सावकाश, रेघेला रेघ लावून, देवघरापुढं सारवावं तसं. ते दोघं तिथून उठलेच नाहीत. मी जमनाबाईला बोलावून आणलं.

ती गुडघ्यावर बसली. त्या रेघांच्या वरून, न टेकवता, आपला उजवा हात फिरवून बघितला. जुळेना. मग डावा फिरवला. 

"काय झालं?" संतरामनं विचारलं.

"डाव्या हातानं सारवलंय," ती म्हणाली. आणि तिनं आपला उजवा हात मुडपून पदराखाली छातीशी धरला, लेकरू धरतात तसा.